गुजरातीचा जिना

पाण्याची बाटली संपली होती आणि रांग हलत नव्हती. २० मे २०२४, लोकसभेचं मतदान, घाटकोपरची महापालिका शाळा. मोबाइल आत नेता येत नाही म्हणून घरीच ठेवून आलेलो, त्यामुळे करायला काही नाही. पुढच्या माणसाच्या शर्टावर घामाचे नकाशे कसे वाढतायत ते बघत उभा. बरोबर आठवड्यापूर्वीच्या वादळात छेडानगरच्या पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून १७ माणसं गेली होती, रांगेत अजून त्याच गोष्टी चालल्या होत्या. तीन माणसं सोडून पुढं एक आजी होत्या. त्यांनी बंदोबस्तावरच्या पोलिसाला विचारलं, पाणी कुठं मिळेल? तो बिचारा बाहेरगावचा, इकडेतिकडे बघायला लागला. आणि मला कुणी विचारलेलं नसताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, गुजरातीच्या जिन्याखाली नळ आहे बघा. डावीकडे."

आजींचा हात धरून एक स्वयंसेविका उभी होती. पांढरी टोपी, गळ्यात ओळखपत्र, सोळा-सतरा वर्षांची. ती थबकली. "काका, गुजरातीचा म्हणजे? गुजराती लोकांसाठी वेगळा जिना होता का इथे? मी इथलीच आहे, गेल्या वर्षीच दहावी झाले. असं कधी ऐकलं नाही."

मला हसू आलं. "नाही गं, तसं नाही. म्हणजे..." एवढं म्हणेपर्यंत मागच्याचा धक्का लागला, रांग चार पावलं सरकली, आणि ती आजींना घेऊन डावीकडे गेली. मी मत दिलं, बोटावरची शाई वाळेपर्यंत बोट हवेत धरून बाहेर आलो, कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो. मुलगी पुन्हा दिसली नाही. तिचा प्रश्न मात्र घरी आला माझ्याबरोबर. "म्हणजे..." च्या पुढं मी नेमकं काय सांगणार होतो?

वेगळा जिना होता का? होता की.

आमची शाळा म्हणजे घोड्याच्या नालेसारखी वळलेली चार मजल्यांची इमारत आणि मधे फरशीचं पटांगण. बाहेरून बघणाऱ्याला ती एक शाळा वाटायची, पण आत पाच-सहा शाळा नांदत होत्या. मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते : मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. त्यांतल्या पाच आमच्या इमारतीत होत्या. तळमजला आणि पहिला मराठीचा, डावी बाजू गुजरातीची, दुसरा मजला हिंदीचा, तिसऱ्याच्या टोकाच्या तीन खोल्या तमिळच्या. उर्दू दुपारच्या पाळीत, आमच्याच वर्गांत. प्रत्येकीचे मुख्याध्यापक वेगळे, हजेरीपट वेगळे, शिपाई वेगळे. घंटा मात्र एकच, आणि ती कुणाच्या शिपायानं द्यायची यावरून महिन्यातून एकदा तरी जुंपायची. आम्हा मुलांना भूगोल शिकवायच्या आधीच हा भूगोल पाठ होता. गुजरातीचा जिना, हिंदीचा व्हरांडा, तमिळची गच्ची, उर्दूचं गेट. उर्दूचं गेट म्हणजे मागचं, कारण दुपारची मुलं तिथून आत येत आणि आम्ही पुढून बाहेर पडत असू. एकाच इमारतीतल्या त्या पोरांची नि आमची गाठ बारा-सव्वाबाराच्या दरम्यान दहा मिनिटं पडायची, तीही फाटकाच्या गजांतून.

सकाळी सात वाजता मात्र सगळ्या शाळा एकदम उभ्या राहायच्या. राष्ट्रगीत एकत्र आणि एका सुरात, निदान एका लयीत तरी. मग प्रतिज्ञा, आणि तिथं सगळं फुटायचं. 'भारत माझा देश आहे' हे आम्ही खालून म्हणायचो, वरून हिंदी, डावीकडून गुजराती, गच्चीच्या बाजूनं तमिळ. भाषा वेगळ्या म्हणजे लांबीही वेगळी. आमची संपायची तेव्हा हिंदीवाल्यांची एक ओळ उरलेली असायची, आणि सगळ्यांच्या शेवटी, पटांगण गप्प झाल्यावर, तिसऱ्या मजल्यावरून तमिळचे बारीक आवाज दोन ओळी एकटेच म्हणत राहायचे. तोपर्यंत आम्ही हात खाली करायचे नाहीत असा हेडबाईंचा दंडक होता. काय म्हणतायत ते कळत नसलं, तरी संपलं कधी ते कळायचं. 'विविधतेने नटलेल्या परंपरांचा' म्हणताना आमच्या रांगेतला एक जण रोज कमरेत लचकून 'नटायचा' आणि रोज छडी खायचा. ही प्रतिज्ञा मुळात तेलुगूत लिहिली गेली, १९६२ साली, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या गृहस्थांनी, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. आमच्या इमारतीत तेलुगू नव्हतंच.

'मराठी' म्हणजे तरी काय होतं? आमच्या वर्गात एकाची आई 'खंय गेल्लंस रे' म्हणून हाक मारायची, दुसरा 'मी आलो व्हतो' म्हणायचा, तिसरा जळगावकडचा, त्याला 'ळ' म्हणताच येत नसे. तो फळ्याला 'फया' म्हणायचा आणि काळ्याला 'काया'. एक नागपूरचा वर्षभर होता, तो सारखं काहीतरी 'करून राहिला' असायचा. माझे वडील कुर्ल्याच्या कारशेडमध्ये, मूळ पाटण तालुक्यातले. घरी जे बोलायचो ते बाईंच्या दृष्टीनं अशुद्धच. आम्हा सगळ्यांना एकाच प्रकारचं मराठी शिकवलं जात होतं आणि ते आमच्यापैकी कुणाच्याच घरचं नव्हतं. हे तेव्हा कुणाला खटकलं नाही. मधल्या सुट्टीत सुखडीसाठी रांग लावताना तर भाषेचा प्रश्नच नसायचा. ती तुपकट, गुळाची, दाताला चिकटणारी वडी हातावर पडली की सगळे सारखेच गप्प व्हायचे.

गुजरातीच्या जिन्याला हिंगाचा वास यायचा. खरा की आम्हीच लावलेला, आता सांगता येणार नाही. घाटकोपरमधला गुजराती म्हणजे शेठ, पेढीवाला, जैन देरासरातून टिळा लावून येणारा, अशी आमची पक्की समजूत. जिन्यावरची पोरं तशी नव्हती. शेठांची मुलं ट्रस्टच्या शाळांत जात. इथं होती ती हातगाडीवाल्यांची, गोदामातल्या हमालांची, बोहारणींची. आमच्या चाळीत एक बोहारीण यायची. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलचं भांडं. एकदा आई बाबांच्या दोन पँटी नि माझा गेल्या वर्षीचा गणवेश घेऊन डब्यासाठी घासाघीस करत होती, आणि बोहारणीच्या गाठोड्यापाशी तिचा मुलगा बसलेला. गुजरातीच्या जिन्यावर रोज दिसणारा, गोट्यांत पक्का नेम असलेला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यानं माझ्या खाकी चड्डीची घडी घातली, मागं शिवलेलं ठिगळ अंगठ्यानं चाचपलं, आणि ती गाठोड्यात टाकली. दुसऱ्या दिवशी जिन्यापाशी तो दिसला तेव्हा मी दुसऱ्या बाजूनं वर गेलो. डबा अजून आईकडे आहे, त्यात ती मेथ्या ठेवते.

खरी गोष्ट उर्दूची आहे. ती मी त्या मुलीला सांगितली नसतीच, रांग थांबून राहिली असती तरी.

सातवीत मी खिडकीकडून तिसऱ्या बाकावर बसायचो. दुपारी त्याच बाकावर उर्दूतला कुणीतरी बसायचा. बाकाखालच्या कप्प्यात त्याचं काही ना काही राहायचं : पेन्सिलीचं बुटुक, चिंचोके, एकदा अर्धी बडीशेपेची पुडी. माझंही राहत असणार. एकदा कर्कटक राहिलं, नवं कोरं, टोकाला अजून तेलाचा हात असलेलं. मी ते घेतलं. चोरी वगैरे वाटली नाही. कप्प्यात सापडलेलं ते आपलं, असा कायदाच होता. दोन दिवसांनी बाकाच्या डाव्या कोपऱ्यात, लाकडात कोरलेली ताजी अक्षरं दिसली. खिळ्यानं कोरली असावीत, कारण कर्कटक तर माझ्याकडे. आधी वाकलेल्या मानेसारखं काहीतरी, त्याच्याखाली तीन ठिपके, त्याला जोडून इंग्रजी नऊच्या आकड्यासारखा फुगीर गोळा, आणि बाजूला एक सुटा विळा. मला वाटलं, यानं आपलं नाव लिहिलंय. म्हणजे ओळख करून देतोय. मला इतका आनंद झाला की त्याच कर्कटकानं, त्या अक्षरांच्या बरोबर खाली, मी माझं नाव कोरलं. आडनावासकट. चांगलं ठसठशीत, शिरोरेघ ओढून.

उत्तर आलं नाही. कप्प्यात त्यानंतर कधीही काहीही सापडलं नाही. पण तो आकार मला इतका पाठ झाला की वहीच्या मागच्या पानावर, बसच्या तिकिटावर, कुठंही मी तो काढत असे. माझा उर्दूतला मित्र. दहावी १९९१ ला झाली, शाळा सुटली. पावणेदोन वर्षांनी, जानेवारी १९९३ मध्ये, आमच्या भागात दंगलीमुळे संचारबंदी होती. वडील चार दिवस कारशेडमध्येच अडकलेले, आई खिडकीची फळी लावून बसलेली. रात्री लांबून आरोळ्या यायच्या. त्या दिवसांत मी तो आकार पुन्हा काढत होतो. तो कुठल्या गल्लीत राहत असेल? काळजी करायची तर डोळ्यांपुढं चेहरा लागतो. माझ्याकडे तीन ठिपके नि एक विळा होता.

त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी फोर्टमधल्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर भिवंडीचे एक सहकारी आले. डब्याच्या वेळी ते 'इन्किलाब' हे उर्दू वर्तमानपत्र वाचायचे. एके दिवशी मी चहाच्या बिलामागे तो आकार काढून त्यांच्यापुढं सरकवला. म्हटलं, "हे नाव काय आहे हो?" त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, आणि जेवता जेवता त्यांना ठसका लागला.

"चोर," ते म्हणाले. "चोर लिहिलंय. कुणी लिहिलं?"

आणि खाली मी माझं नाव लिहिलं होतं. आडनावासकट.

याच्यावर मी बरेच दिवस हसलो, लोकांना सांगून हसवलं. एक गोष्ट मात्र सांगत नसे. उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी हा विषय होता. म्हणजे माझं नाव त्यानं वाचलं होतं. कोण चोर आहे ते त्याला कळलं होतं, आणि तो ते घेऊन बाईंकडे गेला नाही. आमच्याकडे उर्दू हा विषय नव्हता. वर आणि कठीण काय होतं? 'चोर' हा शब्द दोन्हीकडे सारखाच. तीन अक्षरं कुणी ओळखून दिली असती तर एका सकाळी काम झालं असतं. दहा वर्षं त्या इमारतीत राहून मी गुजरातीत दोन शिव्या शिकलो, तमिळमध्ये तीनपर्यंत आकडे, आणि उर्दूत, कळत नसताना, एक शब्द. सगळ्यांना मराठी यावी लागे, म्हणून आम्हाला काही यायची गरज पडली नाही. आम्ही जिन्यांना नावं ठेवली.

तमिळ आमच्या इमारतीत सातवीपर्यंतच होतं. पुढं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. आठवीला त्यातली एक मुलगी आमच्या वर्गात आली. कामराज नगरातून रेल्वेचा पूल ओलांडून यायची, दोन घट्ट वेण्या वर बांधलेल्या, केसांना खोबरेल नि अबोली. पहिल्या आठवड्यात ती एक शब्द बोलली नाही. मग मराठीच्या बाईंनी तिला उभं करून वाचायला लावलं. आम्ही गंमत बघायला सरसावून बसलो. ती सावकाश, एकेक अक्षर तपासून वाचत गेली, आणि जिथं 'ळ' आला तिथं असा सणसणीत, जिभेचं टोक टाळूला लावून उच्चारला की बाईंनी पुस्तक खाली ठेवलं. "ऐका," जळगावच्या पोराकडे बघून त्या म्हणाल्या, "ळ असा म्हणायचा." तिच्या भाषेत ळ होताच, तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. लिंगं मात्र तिला दहावीपर्यंत जमली नाहीत. 'तो खुर्ची', 'ती पाऊस'. आम्ही हसायचो. एकदा तिनं विचारलं, खुर्ची बाई का असते? बाईंना उत्तर देता आलं नाही, आम्हाला तर प्रश्नच पडलेला नव्हता. गणितात ती आमच्या सगळ्यांच्या पुढं होती. दहावीनंतर तिचं काय झालं ते मला माहीत नाही. विचारायची पद्धत नव्हती, मुलीला तर नाहीच.

गुजराती आधी बंद पडलं. पट घसरत गेला, दोन इयत्ता एका खोलीत बसायला लागल्या, शेवटी उरलेल्या मुलांना दुसऱ्या इमारतीत हलवलं. मराठीचंही तेच चाललंय, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची मुलं जिथं जातात तिथंच माझीही गेली. माझ्या मुलीसाठी मी या शाळेचा विचार एक मिनिटही केला नाही. माझ्या लहानपणी 'म्युन्सिपाल्टीत आहे' हे पाहुण्यांसमोर आवाज उतरवून सांगायची गोष्ट होती, आणि तो उतरलेला आवाज माझ्या घशात कुठंतरी राहून गेला असणार. आता फाटकावर 'मुंबई पब्लिक स्कूल' अशी पाटी आहे, २०२० नंतर आलेली. भिंती रंगवलेल्या, मुलांना दप्तरापासून छत्रीपर्यंत २७ वस्तू फुकट. महापालिकेच्या केंद्रीय मंडळाच्या शाळांत तर प्रवेशासाठी सोडत निघते. म्युन्सिपाल्टीच्या शाळेत नंबर लागावा म्हणून सोडत! माझे वडील असते तर त्यांनी मला पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावलं असतं.

ती टोपीवाली मुलगी याच नव्या शाळेतली. तिच्या वर्गात घरी उर्दू बोलणारे, तमिळ बोलणारे, भोजपुरी, मराठी बोलणारे एकाच बाकावर बसत असतील. एकाच पाळीत, एकमेकांचा चेहरा बघत. आम्हाला जे दहा वर्षांत साधलं नाही ते त्यांना पहिलीच्या पहिल्या दिवशी मिळतं. ते इंग्रजीत मिळतं आणि मधल्या सुट्टीत हिंदीत. तिसऱ्या मजल्यावरून शेवटच्या दोन ओळी आता कुणी एकटं म्हणत नाही. प्रतिज्ञा सगळ्यांची एकदम संपते. यात मी खूश व्हायला हवं, आणि बऱ्यापैकी आहेही. पण हात वर धरून दुसऱ्याची भाषा संपायची वाट बघणं, ते अर्धं मिनिट, मला अजून खांद्यात जाणवतं.

नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान आलं. २० तारीख, तीच शाळा, तीच खोली, हवा बरी. या वेळी मी लवकर गेलो आणि, कबूल करतो, त्या मुलीला शोधत होतो. सांगायचं ठरवून गेलो होतो सगळं, बोहारणीच्या मुलापासून. ती नव्हती. तिच्या जागी एक मुलगा होता, मिसरूड फुटलेला, टोपी मागं सरकवलेली. रांगेतून मी डावीकडे वाकून पाहिलं. जिना बंद होता, लोखंडी जाळीला कुलूप, आणि जाळीच्या आत पहिल्या वळणापर्यंत मोडके बाक एकावर एक उलटे रचलेले. पाय वर. लाकडी होते की लोखंडी, तिथून दिसेना. कोपऱ्यात काही कोरलंय का बघायला जाळीपर्यंत जावं लागलं असतं आणि रांग सोडायची नव्हती.

मागून कुणीतरी विचारलं, पाणी आहे का इथं? मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"आहे ना," तो मुलगा म्हणाला. "टॅबच्या जिन्याखाली. डावीकडे."

"टॅबचा जिना?" मी विचारलं.

"ते आधी मुलांना टॅब द्यायचे ना काका, आठवीला. त्यांचं कपाट होतं तिथे." त्यानं टोपी सरळ केली. "मी नाही बघितले. आम्ही आलो तेव्हा बंद झाले होते. पण म्हणतात सगळे."